मडमेचा शब्द

स्टोअरचे दौलतराव चिठ्ठी वाचत होते आणि गौहर सुईत दोरा ओवत होती. निर्जंतुक खोलीच्या बर्वेबाईंनी बाराच्या बारा गाऊन परत पाठवले होते आणि कारण म्हणून चिठ्ठीवर इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता. दौलतरावांनी तो मोठ्यानं वाचला, ‘पकरिंग.’ मग चष्मा कपाळावर चढवून, हे आता काय नवीन काढलंय, असं ते स्वतःशीच पुटपुटले. दोरा सुईच्या नाकाशी येऊन थांबला. गौहरला तो शब्द नवीन नव्हता. तीस वर्षांपूर्वी, दहा वर्षांची असताना, तिनं तो आधी एका मडमेच्या आणि मग बापाच्या तोंडून ऐकला होता, आणि त्यानंतर तिच्या घरात तो कुणी उच्चारला नव्हता, कारण ती शिवी होती. आता तीच शिवी शाईनं लिहून, खाली सही करून, कारखान्याच्या शिक्क्यासकट तिच्या टेबलावर येऊन पडली होती. तिचे कान तापले. शेजारच्या मशीनवरची सावित्रीबाई म्हणाली, ‘काय झालं वो गौहरबाई? त्वांड का असं झालं?’ आणि गौहरनं काही नाही म्हणून मान हलवली आणि दोरा पुन्हा ओवायला घेतला. तो चार वेळा चुकला.

पिंपरीला औषधांचा कारखाना सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला काल-परवापर्यंत जिथं बाभळी होत्या तिथं काचेच्या खिडक्यांची लांबलचक इमारत उभी होती, आणि तिच्या पोटात एक खोली अशी होती की तिथं माशीच काय, माणसाच्या अंगावरचं तूससुद्धा जाता कामा नये. तिथं काम करणाऱ्यांना डोक्यापासून पायापर्यंत पांढरं घालावं लागे आणि ते पांढरं आधी वाफेच्या भट्टीत शिजवून काढावं लागे. हे गाऊन, टोप्या आणि तोंडावरच्या पट्ट्या शिवायला मागच्या अंगाला एक खोली होती. चार मशीन, चार बाया, आणि त्यांच्यावर गौहर. पूर्वी हे काम मुंबईचा एक कंत्राटदार करी. त्याचे गाऊन पहिल्याच वाफेत आटून गुडघ्यावर यायचे आणि मनगटं उघडी पडायची. गौहर आली तेव्हा तिनं पहिल्यांदा काय केलं, तर कोऱ्या मांजरपाटाचे तागे उलगडले, रात्रभर पिंपात भिजवले, दुसऱ्या दिवशी उकळून वाळवले आणि मगच कात्री लावली. कापड आधी आटवायचं, मग कापायचं. हे तिला कुणा साहेबानं शिकवलं नव्हतं, चांदभाईनं शिकवलं होतं, तिच्या बापानं. तिचे पहिलेच बारा गाऊन लांबीला बरोबर बसले आणि खात्यात तिचं नाव झालं. त्याच नावावर आता हे पाणी पडलं होतं. दौलतराव भला माणूस, पण वरून आलेलं खाली सांगणं हेच त्यांचं काम. मुंबईवाले तोकडे होते खरे, पण सपाट तरी होते असं वर बोललं जातंय, आणि पुढच्या बारांनाही हाच शेरा आला तर शिवण पुन्हा मुंबईला जाणार आणि ही खोली रिकाम्या बाटल्यांच्या खोक्यांना देणार, असं त्यांनी चिठ्ठीची घडी घालता घालता सांगून टाकलं. आठ दिवसांची मुदत होती.

ते गाऊन तिनं पसरून पाहिले. बाहीच्या जोडाला, खांद्याला, गळ्याच्या पट्टीला, जिथं जिथं टीप होती तिथं तिथं कापड बारीक बारीक गोळा झालं होतं. पण तिच्या टेबलावरून गेले तेव्हा ते असे नव्हते. शेवटच्या गाऊनची टीप तर तिनं नखानं घासून पाहिली होती. पाण्यासारखी सपाट होती. माझ्या हातून गेला तेव्हा असा नव्हता, हे वाक्य तिच्या मनात आलं आणि तिच्या लक्षात आलं की हे वाक्य आपलं नाही, अब्बाचं आहे. खडकीच्या छावणीत चांदभाईचं दुकान म्हणजे व्हरांड्यातली एक चटई आणि एक मशीन. गोऱ्या अंमलदारांच्या मडमा त्याच्याकडे कपडे शिवत. इंग्रजी त्याला येत होतं ते कॉलरपासून पॉकेटपर्यंत, पण तेवढ्यावर तो बंगल्यामागून बंगले फिरे आणि रुबाबात फिरे. त्या दिवशी गौहर त्याच्याबरोबर होती. एका मडमेनं फ्रॉक आणून त्याच्यापुढं धरला. पंधरा दिवसांपूर्वी त्यानंच शिवून दिलेला, फिकट निळा, मधल्या काळात धुऊन आलेला. तिनं शिवणीवर बोट ठेवलं, कपाळाला आठी घातली आणि तो शब्द म्हणाली. पकर. दोनदा म्हणाली. चांदभाईला तो येत नव्हता. तो हात जोडून हसत राहिला आणि तिला वाटलं असावं की हा आपल्याला हसतोय. मग आतून साहेब आला, फ्रॉक चांदभाईच्या अंगावर फेकला गेला, आणि फाटक बंद झालं. फ्रॉक काखेत मारून तो घरी आला. अम्मीनं पाणी दिलं तेव्हा म्हणाला, ‘मडम ने मेरे कू गाली दी.’ कोणती, म्हणून अम्मीनं विचारलं तेव्हा त्यानं तो शब्द सांगितला आणि म्हणाला की पोरीसमोर पुन्हा काढू नकोस.

त्यानंतर तो छावणीत गेला नाही. कुणी हाकललं नव्हतं, हाच आपला जायचा बंद झाला. बाजारात बसून उशांचे अभ्रे आणि लेंगे शिवू लागला. अर्थ विचारावा, तर कुणाला विचारणार? आपल्याला मिळालेली शिवी चारचौघांत उलगडून घ्यायला कोण जाईल? फ्रॉक तर त्याच्या हातून आरशासारखा गेला होता, म्हणजे मडमेनं खोटी खोड काढली आणि वर जात काढली, असा त्यानं हिशेब केला आणि तो हिशेब घेऊनच तो मेला. गौहरनं मशीन त्याच्याकडून घेतलं, कात्री घेतली, कापड भिजवण्याची सवय घेतली, आणि नकळत ती शिवीही घेतली. लग्न होऊन पिंपरीला आली, जहीरनं रस्त्याच्या कडेला सायकलींचं दुकान टाकलं, कारखान्यानं शिवणारीण हवी म्हणून पाटी लावली. एवढं सगळं झालं तरी इंग्रजी बोलणारं कुणी समोर उभं राहिलं की तिची मान आपसूक खाली जाई. शब्द कोणता येईल याचा नेम नाही, अशी काहीतरी भीती आत बसली होती. तिनं ती कधी कुणाला सांगितली नाही आणि स्वतःलाही नीटशी सांगितली नव्हती.

तीन दिवस तिनं तसेच काढले. बायांना टाका बारीक करायला लावला, मग मोठा करायला लावला, सुया बदलल्या, मशीनला तेल दिलं. कापलेलं कापड उलटं करून पाहिलं. जे शिवावं ते सपाट येई आणि भट्टीतून आलं की त्याचं तोंड म्हातारीसारखं होई. तिच्याही नकळत ती सावित्रीबाईवर दोनदा खेकसली. सावित्रीबाई चिखलीहून रोज पायी येणारी, कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. तिनं मशीन थांबवलं आणि म्हणाली, ‘आमचा हात खराब आसंल तर आमी जातो. पर त्या चिठ्ठीत काय लिवलंय त्ये तरी इचारलंय का तुमी?’ गौहरनं विचारलं नव्हतं. बारा गाऊन परत आले, खोली जायची वेळ आली, आणि चाळीस वर्षांची बाई ज्या शब्दावरून हे सगळं घडतंय त्याचा अर्थ विचारायला घाबरत होती. बापानंही नेमकं हेच केलं होतं. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली आणि लाजेपेक्षा राग जास्त आला. गाऊन काखोटीला मारून ती लांब बोळातून निर्जंतुक खोलीच्या दाराशी गेली आणि काच वाजवली.

बर्वेबाई पुण्याच्या, वयानं गौहरच्या धाकट्या बहिणीएवढ्या, आणि बोलायला कडक. पट्टी तोंडावरून खाली ओढत त्या बाहेर आल्या. गौहरनं सरळ विचारलं की बाई, या शब्दानं तुम्ही मला काय म्हणालात. तिचा आवाज एवढा चढला की बोळातला शिपाई वळून पाहू लागला. बर्वेबाईंना आधी काही उमजेना. तुम्हाला कशाला काय म्हणेन, त्या म्हणाल्या, मी कापडाबद्दल लिहिलं. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि शाळेतल्या मुलीला समजवावं तसं समजवायला सुरुवात केली. आंबट चिंच खाल्ल्यावर ओठ गोळा होतात तसे ओठ त्यांनी करून दाखवले आणि म्हणाल्या, हे पकर. रडायच्या आधी मूल तोंड वेडंवाकडं करतं, तेही. कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, याला पण चालतं. मग गाऊनची बाही हातात घेऊन चिमटीनं कापड आवळलं. ‘आणि शिवणीपाशी कापड असं गोळा झालं, तर त्यालाही हेच म्हणतात. चुण्या, गौहरबाई. नुसत्या चुण्या. त्यांच्यात तूस अडकून बसतं आणि ते माझ्या बाटलीत पडतं, म्हणून परत पाठवले.’ गौहर त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. चुण्या. तिच्या स्वतःच्या भाषेत याला किती नावं होती! कापडाला चुणी, कपाळाला आठी, म्हाताऱ्या गालाला सुरकुती, लुगड्याला निरी. साहेबाच्या पदरी एकच, तोच ओठाला, तोच कपाळाला आणि तोच बाहीला. एवढा गरीब शब्द, आणि त्यानं तिच्या बापाची रोजी नेली. तिनं विचारलं, ‘शिवी नाही ना ही?’ बर्वेबाई म्हणाल्या, ‘शिवी? छे. शिवी कशी असेल?’

संध्याकाळी ती घरी निघाली तेव्हा जहीर सायकल घेऊन फाटकाशी उभा होता, पण ती मागं बसली नाही, चालत निघाली. तोही सायकल हातात धरून शेजारून चालला. तिला आनंद झाला होता, पण त्या आनंदावर धड हसताही येत नव्हतं. शिवी नव्हती. कुणी अब्बाची जात काढली नव्हती, कुणी त्याला काही म्हटलंच नव्हतं. मडम नुसतं बोट ठेवून सांगत होती की बाबा रे, इथं चुणी पडलीय. आणि तो, त्याच्या वाट्याला आली तेवढी वर्षं, अपमान छातीशी धरून अभ्रे शिवत बसला. एकदा विचारलं असतं तर? पण मग तिला दुसरी गोष्ट टोचायला लागली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. शिवी नव्हती, म्हणजे चुणी होती. म्हणजे मडम खरं बोलत होती. चांदभाईच्या शिवणीत खोट होती आणि तीच खोट आता त्याच्या लेकीच्या शिवणीत उतरली होती. तिनं जहीरला एवढंच सांगितलं की अब्बा चुकले होते आणि कुठं चुकले ते मला कळत नाही. जहीर म्हणाला, ट्यूब कुठं फुटलीय ते कळेपर्यंत तीही पाण्यातच धरावी लागते.

रविवारी तिनं धुणं काढलं. सोड्याच्या पाण्याचा डबा चुलीवर चढवला आणि कपडे उकळायला टाकले, त्यात जहीरचा जुना लेंगा होता. नाडा तुटला म्हणून आदल्या दिवशी तिनं त्यात कोरा नाडा ओवून, सरकू नये म्हणून दोन्ही तोंडांशी टाक्यांनी पक्का केला होता, आणि मनात गाऊनच घोळत होते म्हणून तो आधी भिजवायचा राहिला होता. एरवी असं तिच्या हातून व्हायचं नाही. दुपारी लेंगा वाळला. जहीर तो घालायला गेला आणि आतून ओरडला की लेंगा कमरेवर चढत नाही आणि गाठ मारायला टोकं पुरत नाहीत. गौहर गेली. लेंग्याचं कापड जुनं, शंभरदा आटून बसलेलं, ते होतं तेवढंच होतं. नाडा मात्र आटून आखडला होता आणि त्याच्याबरोबर सगळी कंबर चुण्या चुण्या होऊन गोळा झाली होती. जहीर लेंगा हातात धरून उभा होता. कंबरेच्या चुण्यांवरून तिनं हळूच बोट फिरवलं. मग ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि जहीर बिचारा विचारत राहिला की एवढं काय झालं, नवा नाडा आहे, सैल होईल.

दोरा. तीस वर्षं कुणी दोऱ्याकडे बघितलंच नव्हतं. कापड भिजवलं, उकळलं, आटवलं. रीळ मात्र दुकानातून आणलं तसं कोरं मशीनवर चढवलं. मुंबईवाल्याचं कापडही कोरं आणि दोराही कोरा, भट्टीत दोघं जोडीनं आटायचे, म्हणून त्याचे गाऊन तोकडे पण सपाट. चांदभाईचं कापड आटून शहाणं झालेलं आणि दोरा अजून कच्चा. परटाच्या भट्टीत गेला की दोरा एकटाच आखडायचा आणि बिचाऱ्या कापडाला ओढून गोळा करायचा. त्याच्या हातून आरसा जायचा तो खराच. म्हणजे मडम खरी होती आणि अब्बाही खरा होता. चूक त्याच्या आळसानं झाली नव्हती, त्याच्या नेकीनं झाली होती; नेकी अर्ध्यावर थांबली, एवढंच. तिनं लगेच टेपनं मोजून दोरा घेतला, बरोबर एक वार, दोन्ही टोकांना गाठी मारल्या, आणि उकळत्या डब्यात सोडला. वाळल्यावर टेपला लावला. सव्वा इंच कमी. तिनं तो तीन वेळा मोजला आणि तिसऱ्या वेळी जहीरला मोजायला लावला.

सोमवारी शिवणखोलीत एकही मशीन चाललं नाही. गौहरनं सगळी रिळं उकलायला लावली. खुर्च्यांच्या पाठींवर दोऱ्याच्या लडी झाल्या, लडी पिंपात उकळल्या, मागच्या अंगणात वाळल्या, आणि मग चार बाया त्या पुन्हा रिळांवर गुंडाळत बसल्या. दौलतराव येऊन बघून गेले आणि मुदत गुरुवारची आहे याची आठवण देऊन गेले. सावित्रीबाई कुरकुरत होती की लगीनघरी शेवया वळाव्या तसं चाललंय. पण गौहरनं तिला वारभर दोरा आणि टेप हातात दिली तेव्हा तिनं स्वतः मोजलं, टोकाकडे बघितलं, आणि बाकीच्या तिघींना गप बसून हात चालवायला सांगितलं. उकळलेल्या दोऱ्याची खळ गेली होती, तो मशीनवर तटातट तुटू लागला. गौहरनं ताणाचे स्क्रू ढिले केले आणि पाय हळू मारायला लावले. बुधवारच्या संध्याकाळी बारावा गाऊन झाला. गुरुवारी सकाळी ते भट्टीत गेले.

भट्टीचा तास कसा गेला ते तिला पुढं कधी आठवलं नाही. आठवली ती फक्त तिची स्वतःची बोटं. सकाळपासून नव्या लडी गरम पाण्यात बुचकळून त्यांच्या टोकांना सुरकुत्या पडल्या होत्या आणि ती त्यांच्याकडे बघून मनात म्हणत होती, पकर, पकर, पकर. शब्द आता चावत नव्हता. मग बोळातून बर्वेबाई आल्या. चिठ्ठी पाठवायची सोडून त्या स्वतः आल्या, हातावर पांढरे गाऊन, अजून ऊन. त्यांनी एक टेबलावर पसरला आणि खांद्यापासून मनगटापर्यंत टिपेवरून बोट नेलं. बोट कुठं अडलं नाही. दुसरा पसरला, तिसरा पसरला. असे बाराही पसरून पाहिले. मग त्यांनी दौलतरावांना बोलावणं पाठवलं आणि ते आल्यावर सांगितलं की शिवण इथंच राहील आणि यापुढं दोरा उकळूनच वापरायचा असं खात्याच्या वहीत लिहून घ्या, गौहरबाईंच्या नावानं. सावित्रीबाईनं पदर तोंडाला लावला. गौहर जिंकली होती. ती गोष्ट तिला टाळूपासून टाचेपर्यंत कळली आणि ती लपवायची तिला अजिबात इच्छा झाली नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन तिनं पत्र्याची पेटी उघडली. तळाशी तिचा लग्नातला कुर्ता होता, डाळिंबी, अब्बानं शेवटी शेवटी शिवलेला. पहिल्या धुण्यानंतर तिनं तो कितीदा तरी घातला होता, इस्त्री केला होता, घडी घालून ठेवला होता. आज उजेडात धरला तेव्हा बाहीच्या जोडाला, खांद्याला, गळ्याला, ओळीनं चुण्या होत्या. इतकी वर्षं त्या तिथंच होत्या आणि तिला दिसल्या नव्हत्या. आपल्या माणसाच्या शिवणीत कोण खोट शोधतो? जहीर म्हणाला, उसवून दे, उकळलेल्या दोऱ्यानं पुन्हा शिव, आता तुला येतंय. पण एकही टाका तिनं उसवला नाही.

दुसऱ्या दिवशी ती तोच कुर्ता घालून कारखान्यात गेली. बर्वेबाई टोप्यांचं माप द्यायला आल्या होत्या. बोलता बोलता त्यांची नजर तिच्या खांद्यावर गेली, थांबली, आणि सवयीनं त्यांच्या तोंडून तो शब्द निघून गेला. मग त्यांना संकोच वाटला असावा, त्या टोप्यांच्या मापाकडे वळल्या. गौहरची मान खाली गेली नाही. तिनं खांदा आणखी पुढं केला, बाही खिडकीच्या उजेडात धरली आणि चारही मशीनच्या आवाजावर जाईल एवढ्या खणखणीत आवाजात म्हणाली, ‘होय बाई, पकर. माझ्या अब्बाच्या हातचा आहे. कापड त्यांनी आटवलं होतं, दोरा तेवढा माझ्यासाठी ठेवला होता.’